उदारामची बेशुद्धी

मु. कुडवा, गोंदिया
दि. १४ मार्च २०११

तीर्थस्वरूप घनश्यामभाऊजींना,

ओमेश्वरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताची बोटे अजून पुरती मिटत नाहीत, म्हणून अक्षर कोंबडीने खरडल्यासारखे आले आहे. गोड मानून घ्यावे.) थोरल्या बहिणीच्या, आमच्या बाईच्या, गुडघ्याला आता उतार असेल. देवरीकडे यंदा मोहफूल भरपूर आहे असे ऐकतो. इकडे आमची मंडळी फुलवंता आणि पोरगी रिंकी खुशाल आहेत. मीही खुशाल आहे, निदान डॉक्टरांचे तसे म्हणणे आहे.

पत्रास कारण की परवाच्या देवरी गाडीत कोणीतरी बाईला सांगितले म्हणे की ओमेश्वरने मिलमध्ये धूर केला आणि चौकीदाराला दोरीने बांधून मैदानात टाकून दिले. भाऊजी, यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण कसे असते, खरे शब्द चुकीच्या माणसाच्या तोंडून निघाले की त्यांचा अर्थ फिरतो. म्हणून घडले ते सगळे मी स्वतः लिहितो. हे वाचून झाल्यावर तुम्हाला तुमच्या साळ्याचा अभिमान वाटला नाही, तर मी पटले हे आडनाव लावणार नाही.

आमच्या राईस मिलमध्ये दिवाळीनंतर कारखान्यांचे निरीक्षक साहेब आले होते. त्यांनी फर्मावले की इथे बॉयलर आहे, कोंड्याचे डोंगर आहेत, बायामाणसे कामाला आहेत, तेव्हा संकटाच्या वेळी धावून जाणारे एक पथक पाहिजे आणि त्याला एक जबाबदार प्रमुख पाहिजे. शेठजींनी सगळ्यांना ऑफिसात बोलावले. नेमका त्याच वेळी मला बारदानाच्या व्यापाऱ्याचा फोन आला, म्हणून मी बाहेर गेलो. परत आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. मग कळले की त्या माझ्यासाठीच आहेत. (फुलवंता म्हणते, जो बाहेर होता त्याच्या गळ्यात घातले. मी म्हणतो, लोकांना मोकळेपणी निवडता यावे म्हणून मी बाहेर होतो.) दुसऱ्या दिवशी पेंटरकडून पांढऱ्या हेल्मेटवर लाल अक्षरांत लिहून घेतले: ‘प्रमुख, आपत्कालीन प्रतिसाद पथक’. अक्षरे पुढून सुरू होऊन मागे संपत असल्यामुळे वाचणाऱ्याला माझ्याभोवती एक फेरी घालावी लागे. पण त्यामुळे मानच वाढला.

पथक मी स्वतः निवडले. बॉयलरवाला मुन्नालाल, कारण आगीशी त्याचा रोजचा घरोबा. पुष्पाबाई, बायांची मुकादमीण, कारण तिचा आवाज रेल्वे फाटकापलीकडे जातो आणि तिच्या शब्दाबाहेर एकही बाई नाही. हिशेब लिहिणारा हिमांशु, कारण त्याने नागपूरला प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे आणि पट्टी बांधताना तो डोळे मिटत नाही. चौथा चौकीदार उदाराम. उदारामची निवड मी रुग्ण म्हणून केली. सराव करायचा तर कोणीतरी जखमी पाहिजे, आणि उदारामइतका शांत पडून राहणारा माणूस अख्ख्या मिलमध्ये नाही. (याचा अनुभव शेठजींनी गेटवर अनेकदा घेतला आहे.)

सुरुवातीला लोक हसायचे, ते मी लपवत नाही. आम्ही पाचजण रांगेत निघालो की हमाल म्हणायचे, ‘आली आपत्ती.’ धान वाळवायच्या पटांगणावर मी ‘संकटसमयी एकत्र येण्याची जागा’ असा बोर्ड लावला, तर बाया रोज दुपारी तिथेच डबे सोडू लागल्या. पुष्पाबाई म्हणाली, “पटलेबाबू, भूक लागली तं संकटच आहे ना जी?” पण मी नेटाने लागून राहिलो. गोदामाची दारे बाहेर उघडतात की आत, कोणत्या पंख्याचे बटण कुठे आहे, दम्याचा त्रास कोणाला आहे, कोण पोटुशी आहे, हे सगळे मी आणि पुष्पाबाईने मिळून पाठ केले. आजही झोपेतून उठवून विचारा.

मार्चात सुरक्षा सप्ताह असतो. निरीक्षक साहेबांनी कळवले की शुक्रवारी सकाळी मी स्वतः येऊन तुमचा सराव पाहणार. आग लागली असे समजायचे, भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी पटांगणात जमायचे, आणि पथकाने एक जखमी उचलून आणायचा. आता ‘समजायचे’ हा शब्द मला पहिल्यापासून खटकत होता. समजून काय होते? माणूस समजतो आणि बिडी ओढत बसतो. डोळ्यांत धूर गेल्याशिवाय आपला माणूस पळत नाही. म्हणून मी खऱ्या धुराची व्यवस्था केली. एक अर्धा कापलेला ड्रम घेतला, त्यात कोंडा, वर ओली बारदानाची पोती. आणि हा ड्रम ठेवायचा कुठे, यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी ठरवले की सुरक्षेच्या दृष्टीने तो पाण्याजवळच असावा, म्हणजे काही कमीजास्त झाले तर पाणी हाताशी. म्हणून तो उंच पाण्याच्या टाकीच्या अगदी खाली ठेवला. हाताने फिरवायचा भोंगाही टाकीच्याच खांबाला बांधला, म्हणजे आवाज लांब जाईल. भाऊजी, नियोजन म्हणून पाहिले तर यात खोट काढायला जागा नाही. फक्त त्या टाकीच्या बुडाला आग्या मोहोळाची सुपाएवढाली पोळी लोंबत होती, एवढीच एक बाब. ती आम्हाला माहीत नव्हती असे नाही. या माश्या दरवर्षी येतात, शेठजींच्या मातोश्री त्यांना लक्ष्मी म्हणतात. रोज दिसणारी वस्तू माणसाला दिसेनाशी होते, याचा आपल्यालाही अनुभव असेलच.

शुक्रवारी साहेब आले, शेठजी आले. उदारामला मी स्वतः स्ट्रेचरवर निजवले, आणि उचलताना घसरू नये म्हणून छातीवर, कमरेवर आणि पायांवर सुतळीचा दुहेरी दोर बांधला. गाठ मारली ती तांदळाच्या पोत्याला मारतो ती. वीस वर्षे स्टोअर सांभाळले आहे, माझी गाठ आपोआप सुटल्याची एकही तक्रार नाही. त्याला बजावले, “उदाराम, तू बेशुद्ध आहेस. काहीही झाले तरी मी सांगेपर्यंत उठायचे नाही.” तो म्हणाला, “बरं बाबू,” आणि लगेच बेशुद्ध झाला.

मुन्नालालने ड्रम पेटवला. मी भोंग्याचा दांडा फिरवला. धूर असा सुंदर चढला की साहेबांनीही मान डोलावली. बाया गोदामातून ओळीने निघाल्या, हमाल निघाले, हिमांशु आणि एक हमाल उदारामला उचलून पटांगणाच्या निम्म्यापर्यंत आले. माझा ऊर भरून आला होता. मी भोंगा आणखी जोरात फिरवला. तेवढ्यात मुन्नालाल माझ्याजवळ येऊन फार हळू म्हणाला, “साहब, जरा ऊपर देखो.”

वर पाहिले तर टाकीचे बूड हलत होते. म्हणजे टाकी नव्हे, पोळी हलत होती. काळी पोळी क्षणात पिवळी झाली आणि मग आभाळात कोणीतरी राईस मिल सुरू केल्यासारखा आवाज आला.

पहिली माशी मला कानामागे चावली, तेव्हा मी ओरडलो नाही. (दुसरीला ओरडलो.) पटांगणात एकच हलकल्लोळ झाला. आणि भाऊजी, इथे माझ्या डोक्यात वीज चमकावी तसे झाले. तीन महिने मी या लोकांना शिकवले होते की भोंगा वाजला की उघड्यावर या. शिकवलेल्या शहाण्यांसारखे ते उघड्यावरच येत होते! माझ्याच शिकवणीने माझी माणसे माश्यांच्या तोंडी चालली होती. पुष्पाबाई बायांना घेऊन बोर्डाखाली पोचली होती. तिथून तिने विचारले, “पटलेबाबू, आमी इथं कायले उभ्या होऊन राहिलो? माश्या तं इकडंच येऊन राहिल्या!”

भोंगा सोडला. सरावाचा क्रम लिहिलेला कागद खिशात कोंबला. आणि मला काय सुचले असेल? तुम्ही! कंडक्टर असताना देवरीच्या स्टँडवर बाजाराच्या दिवशी तुम्ही एका गाडीत दोन गाड्यांची माणसे बसवायचात, तो तुमचा आवाज. मी त्याच आवाजात ओरडलो, “चला, चला, गाडी सुटून राहिली! गोदामात शिरा! आत सरका, आत सरका, दारात कोणी उभं नाही राहायचं!” भाऊजी, शपथेवर सांगतो, आगीच्या भोंग्याला जे लोक रमतगमत निघाले होते, ते या आवाजासरशी धावले. जन्मभराची सवय. पुष्पाबाईने तोच आवाज उचलला, पोटुशा सोनिकाला पदराखाली घेतले आणि शेवटच्या बाईला ढकलून मगच स्वतः शिरली. निरीक्षक साहेबांना शेठजींनी ओढले की शेठजींना साहेबांनी, ते नक्की सांगता येत नाही, पण दोघेही शिरले. हिमांशु शिरला. मी शिरलो. मुन्नालालने दार ओढून फटीत पोती कोंबली. आत अंधार, कोंड्याचा वास आणि सगळ्यांचे हुंदके. पण माणसे आत होती. मी मनात म्हटले, ओमेश्वर, जिंकलास.

आणि मग पुष्पाबाई म्हणाली, “उदाराम कुठं आहे?”

हिमांशुने माझ्याकडे पाहिले आणि खिडकीकडे बोट केले. घाबरून त्याने आणि त्या हमालाने स्ट्रेचर मधेच टाकले होते. मी खिडकीच्या जाळीतून पाहिले. रिकाम्या पटांगणात मधोमध स्ट्रेचर, त्यावर उदाराम, आणि त्याचे मिलचे बूट घातलेले पाय नुसते थाडथाड आपटत होते. उठता येईना, कारण गाठ माझी होती.

भाऊजी, मी विनोदी माणूस आहे असे बाई नेहमी म्हणते. त्या घडीला माझ्यात विनोदाचा कणही नव्हता. मला फक्त तो दोर दिसत होता. मी बारदानाचे पोते फाडून डोक्यावरून घेतले, म्हटले, “मी जातो, त्याला मी बांधले आहे.” शेठजी म्हणाले, “पटलेजी, पागल हो गए क्या?” मी पोते हनुवटीखाली आवळले. मुन्नालाल म्हणाला, “साहब, अकेले उठेगा नहीं आपसे,” आणि मागच्या दाराने आतूनच बॉयलरकडे जाऊन फावड्याने विस्तवाचा कोंडा घमेल्यात भरू लागला. पुष्पाबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, अंगावर दोन पोती घेतली आणि माझ्या पुढे जाऊन उभी राहिली. मी तिला म्हटले, तू थांब. तर म्हणते, “पथकात नाव माहं आहे की तुमच्या घरवालीचं?”

तर असे आमचे पथक निघाले. पुढे मुन्नालाल धुराचे घमेले घेऊन, मागे आम्ही दोघे पोत्यात गुंडाळलेले. (लांबून पाहणाऱ्याला तांदूळच चालत निघाला असे वाटले असते.) मोहोळवाले धुराच्या आडोशाने पोळे काढतात, तसेच आम्ही धुराच्या आडोशाने माणूस काढायला निघालो होतो. पोत्यावर माश्या गारांसारख्या आपटत होत्या. उदारामजवळ पोचलो तर त्याचा चेहरा ओळखू येईना, डोळे सुजून मिटलेले, श्वास शिटीसारखा वाजत होता. गाठ सोडायला वेळ नव्हता आणि ती सुटलीही नसती. मुन्नालालने घमेले त्याच्या पोटाजवळ धरले, मी डोक्याकडून आणि पुष्पाबाईने पायाकडून स्ट्रेचर उचलले, आणि गोदाम लांब म्हणून थेट बॉयलरच्या खोलीत घेऊन गेलो. तिथे इतका धूर की माश्याच काय, देवही शिरणार नाही. बोटे मिटत नाहीत ती त्या वेळचीच. स्ट्रेचरचा दांडा सोडता येत नव्हता आणि माश्यांना ते कळले होते.

पण शिटी थांबेना. हिमांशु धावत आला, त्याने उदारामची मान उंच केली, नाडी पाहिली, म्हणाला, “सर, याला इंजेक्शन पाहिजे, आत्ता.” त्या पोराने आधी स्ट्रेचर टाकले होते हे खरे, पण नंतर दवाखाना येईपर्यंत त्याने त्या माणसाचे डोके मांडीवरून हलवले नाही, हेही लिहिले पाहिजे. तांदूळ भरून उभा असलेला ट्रक मी ड्रायव्हरला काचा बंद करायला लावून बॉयलरच्या दाराला उलटा लावून घेतला, स्ट्रेचर पोत्यांवर चढवले, वरून ताडपत्री ओढली, आणि आम्ही गोंदियाकडे निघालो. रस्त्याला इतके खड्डे की मी आणि हिमांशु एकमेकांवर आदळत होतो. रुग्ण मात्र तसूभर सरकला नाही. गाठीचे महत्त्व काय, ते तिथे कळावे.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिले इंजेक्शन दिले, मग दुसरे, मग कात्री मागवली आणि विचारले, “याला बांधलं कोणी?” मी म्हटले, “मी.” “का?” “घसरू नये म्हणून.” त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मलाही एक इंजेक्शन द्यायला सांगितले.

मग बाहेर बाकावर बसणे. त्याच्याइतके कठीण काम पथकाच्या कोणत्याच नियमात लिहिलेले नाही. उदारामची बायको आली. मी उठून उभा राहिलो, म्हटले आता चार शिव्या खायच्या, त्या आपल्या हक्काच्या आहेत. पण माझे तोंड भोपळ्यासारखे सुजलेले, तिने मला ओळखलेच नाही. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “तुमालेबी चावल्या का जी? माह्या मालकाले कोन्या मेल्यानं बांधून ठेवलं होतं म्हनते.” मला गप्प राहता आले असते. मी म्हटले, “तो मीच, ओमेश्वर पटले. मीच बांधले आणि मीच उचलून आणले.” तिने माझे सुजलेले हात पाहिले. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मंग बसा. पानी पेऊन घ्या.”

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले, म्हणाले आता धोका नाही. आम्ही आत गेलो. उदारामने एक डोळा सुपारीएवढा उघडला, बायकोकडे पाहिले, मग मला पाहिले. त्याचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“बाबू,” तो म्हणाला, “आता उठू का?”

भाऊजी, मी त्या दवाखान्यात सगळ्यांसमोर रडलो. हसलोही. चेहरा सुजलेला असल्यामुळे कोणते काय ते कोणाला कळले नाही.

आता निकाल. एकही माणूस दगावला नाही. सोनिका आणि तिचे पोट सुखरूप आहे. उदाराम काल घरी गेला आणि खाटेवर त्याच शांतपणे पडून आहे. निरीक्षक साहेबांनी आपल्या शेऱ्यात लिहिले आहे की ‘प्रत्यक्ष संकटात पथकाची कामगिरी अत्यंत धैर्याची व प्रशंसनीय, तथापि सदर संकट पथकानेच निर्माण केले होते.’ शेठजींनी मला वाक्याचा दुसरा अर्धा वाचून दाखवला, मी त्यांना पहिला. मग त्यांनी नारळ आणि शाल मागवली. मी म्हटले, शाली पाच पाहिजेत. पाच आल्या. पुष्पाबाईने आपली शाल तिथेच बायांमध्ये फिरवली, प्रत्येकीच्या खांद्यावर क्षणभर. आता हमाल मला पाहून ‘आपत्ती’ म्हणत नाहीत. पथक जाताना बाजूला होतात, आणि एकाने तर परवा बिडी विझवली. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

बाईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. उत्तर लवकर टाकावे.

आपला साळा,
ओमेश्वर पटले
(प्रमुख, आ. प्र. पथक)

ता. क. माश्या दुसऱ्याच दिवशी उठून गेल्या. शेजारच्या मिलच्या धुरांड्यावर बसल्या आहेत. त्यांच्याकडे अजून पथक नाही. मी जाऊन मार्गदर्शन करण्याची तयारी दाखवली, तर त्यांनी गेट लावून घेतले.

ता. क. दुसरा : पत्र लिहिण्याचे मुख्य कारण राहूनच गेले. आगीचा सराव अर्धवट झाला असे साहेबांचे मत पडल्यामुळे तो पुन्हा घ्यायचा आहे, पुढच्या महिन्यात. सगळी तयारी आहे, फक्त रुग्ण नाही. उदाराम तयार आहे, पण त्याची बायको नाही. मिलमधल्या बाकी सगळ्यांना त्याच दिवशी गावाला लग्न निघाले आहे. तुम्ही निवृत्त आहात, घरचे आहात, आणि स्टँडवरच्या बाकावर दुपारभर निश्चल पडलेले मी तुम्हाला पाहिले आहे. दोर बांधणार नाही. जेवण आमच्याकडेच. फुलवंता तुमच्यासाठी भाकरी आणि वड्यांचा रस्सा करील.

ता. क. तिसरा : साधा दोर बांधीन, पण ओढली की सुटणारी गाठ मारीन. ती मी सध्या शिकतो आहे. येताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि कुठे निघालात ते बाईला सांगू नये.